सायकलस्वारांनाही वाहतुकीचे नियम लागू करण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. पोलीस आयुक्त,
पुणे शहर

विषय : सायकलस्वारांकडून वाहतूक नियमांचे पालन करून घेणे व सायकल मार्ग मोकळे ठेवणे.

महोदय,

खाली सह्या करणारे आम्ही सायकलने कामावर जाणारे पुणेकर आहोत. सायकलस्वारांनीच सायकलस्वारांवर कारवाई मागावी, हे विचित्र वाटेल. पण उलट्या दिशेने येणाऱ्या किंवा सिग्नल तोडणाऱ्या सायकलीचा फटका पादचाऱ्याला बसतो, नाहीतर नियमाने चाललेल्या आमच्यासारख्याला.

सायकल मोटार वाहन नाही. तिला नंबरप्लेट नाही, म्हणून ई-चलनही नाही. त्यामुळे सायकलला कायदाच नाही, असा समज रुजला आहे. वस्तुतः महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३३ नुसार सायकलींसह सर्व रहदारीचे नियम करण्याचा अधिकार आपणांस आहे. बेदरकारपणे वाहन चालवून जीव धोक्यात घालण्याबद्दलचे भारतीय न्याय संहितेचे कलम २८१ देखील केवळ मोटारींपुरते नाही.

तरी उलटी दिशा, लाल सिग्नल आणि रात्री दिव्याविना सायकल, या तीनच बाबींवर चौकात थांबवून कारवाई व्हावी. आधी समज, मग माफक दंड. रात्रपाळीचा सुरक्षारक्षक आणि पहाटेचा पेपरवाला यांची भाकरी सायकलवर आहे. त्यांना दंडाऐवजी तिथेच परावर्तक लावून द्यावा. सायकल जप्त करू नये. चाकातली हवा सोडण्याची जुनी रीत तर मुळीच नको. मुलाला मागे बसवून शाळेत सोडणाऱ्याला ‘डबलसीट’ म्हणून अडवू नये (जुन्या पुणेकरांना तो दंड आठवत असेल). परवाना किंवा बिल्ला पुन्हा आणण्याची सूचना कुणी केली, तर तिला आमचा विरोध राहील.

मात्र ही कारवाई एकतर्फी नसावी. महापालिकेने २०१७ मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. प्रत्यक्षात सायकल मार्गांवर दुचाक्या धावतात, चारचाक्या उभ्या असतात. दुभाजकातून पलीकडे जायला वाट नसली की सायकलवाला उलटा येतो. ते चूकच, पण त्याचे कारण रस्त्यातच आहे. म्हणून ज्या चौकात सायकलस्वाराला दंड होईल, तिथवरच्या सायकल मार्गावरील वाहनेही त्याच दिवशी उचलली जावीत.

ही मोहीम कोणत्या रस्त्यापासून व केव्हा सुरू होणार, हे आम्हांस लेखी कळवावे, ही विनंती.

आपले विश्वासू,
पुणे शहरातील सायकलस्वार नागरिक
(सह्यांची यादी सोबत जोडली आहे)

प्रत : मा. आयुक्त, पुणे महानगरपालिका