एप्रिल दुसऱ्या पानावर
बोरूबहाद्दर

टी. एस. एलियटची ‘द वेस्ट लँड’ ही कविता एप्रिल महिन्यापासून सुरू होते, हे इंग्रजी साहित्याचा विद्यार्थी झोपेतही सांगेल. कच्च्या खर्ड्यात मात्र हा एप्रिल दुसऱ्या पानावर उगवतो. पहिल्या पानावर आहे बोस्टनमध्ये रात्रभर पिऊन हिंडणारं एक टोळकं. गप्पा, गाणी, पोलिसाशी हुज्जत, अशा 54 ओळी. एलियटने त्या पेन्सिलीने काटल्या.

प्रकृती ढासळल्यामुळे 1921 मध्ये बँकेतून रजा काढून, आधी मार्गेटला आणि मग लोझानला त्याने ही कविता पूर्ण केली. कवितेचं बाड पॅरिसमध्ये कवी एझरा पाउंडच्या हाती पडलं आणि खरी काटछाट सुरू झाली. अलेक्झांडर पोपच्या थाटात रचलेला मोठा भाग पाउंडने उडवला. पोपने हे इतकं चांगलं करून ठेवलंय, की तू त्या वाटेला जाऊ नकोस, असं त्याचं म्हणणं. समुद्रसफरीच्या लांबलचक वर्णनातून 10 ओळी उरल्या. खट्टू झालेला एलियट त्याही काढायला निघाला, तेव्हा त्याला अडवलं ते पाउंडनेच!

एका पानावर नवरा-बायकोची धुसफूस आहे. तिथे पाउंडचा शेरा ‘फोटोग्राफी’. त्याच ओळींजवळ एलियटची बायको व्हिव्हियन लिहिते, ‘वंडरफुल’. ओळी राहिल्या. (घरचा समीक्षक जिंकल्याचं हे दुर्मीळ उदाहरण असावं.)

ऑक्टोबर 1922 मध्ये कविता छापून आली, ती 434 ओळींची. बाड एलियटने न्यूयॉर्कचे वकील जॉन क्विन यांना भेट दिलं. 1924 मध्ये क्विन वारले आणि पुढे बाडाचा ठावठिकाणा लोकांना कळेना. ते आपल्याकडे असल्याचं न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने 1968 मध्ये जाहीर केलं, तेव्हा एलियटला जाऊन तीन वर्षं झाली होती. 1971 मध्ये त्याची दुसरी पत्नी व्हॅलेरी हिने सगळी पानं खाडाखोडीसकट प्रसिद्ध केली. तोवर दोन पिढ्यांनी फक्त पक्की प्रत वाचली होती.

नव्या लिहिणाऱ्यांची पंचाईत इथेच होते. वाचायला मिळते ती दुसऱ्याची पक्की प्रत आणि तिच्याशी ताडून पाहिला जातो आपला पहिला खर्डा. मग पहिलंच वाक्य दहादा खोडलं जातं, दुसऱ्याची पाळीच येत नाही. संगणकावर तर खोडल्याची खूणही उरत नाही.

खर्डा अपुरा राहिला तरी बिघडत नाही, हे लोकमान्य टिळकांकडे पाहून कळतं. त्यांनी ‘गीतारहस्य’चा पहिला खर्डा 1910-11 च्या हिवाळ्यात मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीने लिहिला. लागणारे सगळे ग्रंथ तिथे हाताशी नव्हते, म्हणून काही जागा अपुऱ्या राहिल्या. त्यासाठी त्यांनी लेखणी खाली ठेवली नाही. 1914 मध्ये सुटून आल्यावर त्या जागा भरल्या, 1915 मध्ये ग्रंथ छापला आणि खर्डा अपुरा होता हे प्रस्तावनेत सरळ सांगून टाकलं.