मूळ गाडी कोणती?

जुनी मोटार 'अगदी मूळ होती तशी' केली, असे अभिमानाने सांगणाऱ्यास एक प्रश्न अवश्य विचारावा : मूळ म्हणजे कोणत्या दिवशी होती तशी? कारखान्याच्या दारातून बाहेर पडली त्या दिवशी, की दहा वर्षांनी दुसऱ्या मालकाने तिचे इंजिन बदलले त्या दिवशी? साहित्याच्या विद्यार्थ्यास हा प्रश्न परका वाटू नये. संग्रहाची पहिली आवृत्ती प्रमाण मानावी की कवीने पुढे स्वतः फेरफार केलेली, यावर आपण वर्गात तासन्‌तास बोलतो. परंतु लोखंड, रबर आणि तांब्याच्या तारा यांच्या बाबतीत हाच प्रश्न कोणीतरी आपल्या घरी, स्वतःच्या हाताने व स्वतःच्या खर्चाने सोडवत बसलेले असते, हे सहसा आपल्या ध्यानात येत नाही. तिकडे लक्ष वेधावे, आणि या छंदात रुळलेल्या एका प्रथेविषयी आमचा आक्षेप नोंदवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

उदाहरण इंग्लंडातले घेतो, कारण हा छंद तेथे जितका घराघरांत पोचला तितका अन्यत्र क्वचितच. (आपल्याकडे गॅरेज म्हणजे मेकॅनिकचे दुकान. तेथे गॅरेज म्हणजे घराला लागून असलेली एका गाडीपुरती खोली, आणि शनिवार-रविवारी घरधनी तिथेच सापडतो.) या खोल्यांतून सर्वाधिक आढळणाऱ्या जुन्या स्पोर्ट्‌स कारपैकी एक म्हणजे एमजीबी. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षे ती ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन येथील कारखान्यात तयार होत होती, आणि उघडी व छपराची मिळून पाच लाखांहून अधिक गाड्या तेथून बाहेर पडल्या. इंजिन चार सिलिंडरचे, १७९८ सीसीचे, कार्ब्युरेटर दोन, यंत्ररचना इतकी साधी की घरातली माणसे पुस्तक शेजारी ठेवून ती उघडू शकतात. ती राजेमहाराजांची गाडी नव्हती. शाळामास्तरही ती घेऊ शके. म्हणूनच ती आज घरच्या गॅरेजात आहे, आणि म्हणूनच तिच्या बाबतीत अंतिम निर्णय तज्ज्ञांच्या हाती नसून हौशी माणसाच्या हाती आहे.

हा निर्णय म्हणजे काय, ते नीट पाहिल्याशिवाय कळत नाही. आमचा एक माजी विद्यार्थी नोकरीनिमित्त इंग्लंडात स्थायिक झाला आहे. मराठीत एम.ए. करून पुढे संगणकाकडे वळलेला हा मुलगा. त्याने काही वर्षांपूर्वी १९७७ सालची, तपकिरी रंगाची, चालू नसलेली उघडी एमजीबी विकत घेतली. तो आम्हांस छायाचित्रे पाठवतो. त्यांतून आम्ही जे शिकलो ते असे. या गाडीला वेगळी चॅसी नाही. पत्र्याचा सांगाडाच सारे वजन पेलतो. उघड्या गाडीला छप्पर नसल्यामुळे सगळी ताकद दारांखालून जाणाऱ्या पेटीसारख्या पट्ट्यांत असते. तिकडे त्यांना सिल म्हणतात. गंज नेमका तिथेच, आतून धरतो. बाहेरचा पत्रा रंगवलेला, चकचकीत. आत मात्र भुसा. सडलेला पत्रा कापायचा तर आधी दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी नळी जोडून गाडी ताठ धरावी लागते, आणि तिला योग्य जागी खालून आधार द्यावा लागतो. तसे न करता कापले तर गाडी मध्येच खचते, नवा पत्रा त्या खचलेल्या अवस्थेतच जोडला जातो, आणि मग दारे कधीच नीट लागत नाहीत. पूर्वीच्या कोणी तरी घाईने केलेली डागडुजी तर आणखी वाईट : गंजावर पत्र्याचे ठिगळ, त्यावर पुट्टी, त्यावर रंग. जुनी पोथी हाताळणाऱ्यास हे चित्र ओळखीचे वाटेल. लेखनिकाने न कळलेला शब्द अंदाजाने 'सुधारून' लिहावा आणि पुढच्याने त्या चुकीवर आणखी शहाणपण चढवावे, तसे हे थर असतात.

आता खरी अडचण. १९८८ पासून एमजीबीचा संपूर्ण नवा सांगाडा विकत मिळू लागला, तोही कारखान्यातले मूळ साचे शोधून काढून त्यांवर ठोकलेला. म्हणजे कोणी आपल्या गाडीचे इंजिन, चाके व आसने नव्या सांगाड्यावर चढवू शकतो. मग ती गाडी तीच राहते काय? ब्रिटिश वाहननोंदणी खात्याचे यावरचे उत्तर बरीच वर्षे मोठे गमतीचे होते. जुना नोंदणीक्रमांक टिकवण्यास आठ गुण लागत. मूळ सांगाड्याचे, अथवा उत्पादकाकडून आणलेल्या तशाच नव्या सांगाड्याचे, पाच. आणि इंजिनाचा अवघा एक. हृदयापेक्षा हाडे महत्त्वाची, असा तो सरकारी देहविचार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये हे धोरण बरेच सैल करण्यात आले.

न्यायालयाचे उत्तर अधिक सखोल आहे. १९२९ आणि १९३० या दोन्ही वर्षी ल मां येथील चोवीस तासांची शर्यत जिंकलेली बेंटली, 'ओल्ड नंबर वन', हिच्या विक्रीवरून १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात खटला उभा राहिला. व्यवहार सुमारे एक कोटी पौंडांचा होता. खरेदीदाराचे म्हणणे, ही ती गाडीच नव्हे. कारण शर्यतींच्या काळात आणि नंतर तिचे भाग इतके बदलले गेले होते की १९२९ च्या गाडीचे जवळजवळ काहीच उरले नव्हते. न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला तो विक्रेत्याच्या बाजूने. तिला 'मूळ' म्हणता येणार नाही हे त्यांनी मान्य केले; पण तिचा इतिहास अखंड आहे, मध्येच ती कधी नाहीशी होऊन पुन्हा कोणी घडवलेली नाही, म्हणून ती 'अस्सल' आहे, असे त्यांचे म्हणणे. मूळ आणि अस्सल या दोन शब्दांत न्यायालयाने केलेला हा भेद आम्हांस फार मोलाचा वाटतो. आपल्या समीक्षेत हे दोन शब्द आपण सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो.

हा भेद मान्य केला की गाडीत बदल करणे हा गुन्हा उरत नाही. काही बदल तर काळच करवून घेतो. ब्रिटनमध्ये शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री १९९९ अखेर थांबली. त्या शिशाच्या भरवशावर घडवलेल्या ओतीव लोखंडाच्या हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठकी झिजू लागल्या, तेव्हा कठीण धातूच्या कड्या बसवणे आले. २०२१ मध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेले पेट्रोल तिथे नेहमीचे झाले, तेव्हा जुन्या रबरी नळ्या बदलणे आले. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांनंतर जुन्या मराठी पुस्तकांच्या आवृत्त्यांतून व्युत्पत्तीचे अनुस्वार गळाले, तसलाच हा प्रकार : बदल खरा, पण त्याबद्दल कोणी कोणाला दोष देत नाही. पाचवा गिअर असलेला फोर्डचा गिअरबॉक्स बसवणे, डिस्ट्रिब्युटरमध्ये इलेक्ट्रॉनिक इग्निशन घालणे, ही सोयीची सुधारणा. तीही आम्ही मान्य करतो. बॉनेट उघडले की, किंवा गिअरचा दांडा हाती आला की, जाणत्याला ती कळते, लपत नाही.

आणि क्वचित हौशी माणसाचा बदलच पुढे 'मूळ' होऊन बसतो. केन कॉस्टेलो या शर्यतपटूने १९७० च्या सुमारास एमजीबीत रोव्हरचे हलके व्ही-८ इंजिन स्वतःच बसवून गाड्या विकायला आरंभ केला. कारखान्याने १९७३ साली स्वतःची व्ही-८ गाडी काढली आणि १९७६ मध्ये बंदही केली. तशा गाड्या जेमतेम अडीच हजारांवर निघाल्या. आज एखादी कारखान्याची व्ही-८ 'अस्सल' मानली जाते आणि घरी इंजिन बदललेली 'फेरफार केलेली'. पण कल्पना आधी कोणाची होती? प्रतिष्ठित ग्रंथाने लोकपरंपरेतून उचललेली कथा पुढे लोकपरंपरेनेच 'ग्रंथाधारे' सांगावी, तसे हे झाले.

आमचा आक्षेप आहे तो वेगळ्याच गोष्टीला. १९७४ च्या उत्तरार्धात, अमेरिकेतील सुरक्षानियमांमुळे, एमजीबीचे चकचकीत क्रोमचे बंपर जाऊन तिथे काळे, जाडजूड, रबरी दिसणारे बंपर आले. बंपर ठरावीक उंचीवर हवेत म्हणून गाडीच वर उचलली गेली, आणि वळणावरची तिची पकड बिघडली. रसिकांनी या गाडीवर तेव्हापासून जो राग धरला तो आजतागायत. परिणामी घरच्या गॅरेजातील अत्यंत लोकप्रिय उद्योग असा : रबरी बंपरची गाडी घ्यावी, तिचे बंपरचे आधार कापावेत, पुढचा-मागचा खालचा पत्रा जुन्या पद्धतीचा जोडावा, स्प्रिंगा बदलून गाडी खाली आणावी, क्रोम लावावे आणि तिला लाल रंग द्यावा. मग १९७७ ची गाडी १९६७ ची दिसते. आणि या कृतीलाही पुष्कळदा 'पुनरुज्जीवन' असेच नाव दिले जाते!

आमच्या विद्यार्थ्याच्या मनात हेच होते. आम्ही नाराजी कळवली तेव्हा त्याने जे उत्तर पाठवले, ते आमच्याच शिकवणुकीचे फळ म्हणायचे. "सर, रबरी बंपर हा प्रक्षेप आहे," त्याने लिहिले. "रचनाकारांच्या मनात तो नव्हता, परक्या देशाच्या कायद्याने तो घुसवला. मी फक्त प्रक्षेप काढून टाकतो आहे. तुम्ही वर्गात हेच शिकवलेत ना?" युक्तिवाद देखणा आहे, हे मान्य करू. तरीही तो आम्हांस पटत नाही. प्रक्षेप म्हणजे परक्या हाताने मागाहून घातलेली भर. हे बंपर तर ॲबिंग्डनच्याच हातांनी, गाडी घडतानाच, बसवले. त्या दशकात ब्रिटिश मोटारधंदा अमेरिकी ग्राहकावर किती अवलंबून होता आणि किती लाचार झाला होता, ते या काळ्या बंपरांइतके स्पष्ट दुसरे काहीही सांगत नाही. दडपणाखाली लेखकाने बदललेली संहिता ही कुरूप असली तरी त्याचीच संहिता असते. शिवाय ही विशिष्ट गाडी एक दिवसही क्रोमची नव्हती. जे कधी नव्हतेच त्याचे पुनरुज्जीवन कसे होणार? प्रत्येकाने असेच केले तर काही वर्षांनी सगळ्या एमजीबी १९६० च्या दशकातल्या असतील, आणि नंतरच्या वर्षांतली गाडी छायाचित्रांतच पाहायला मिळेल. नावडता काळ पुसून टाकण्याची ही रीत किती निरागस हातांनी चालते, ते पाहून आम्ही अस्वस्थ होतो.

येथे आमच्यातही एकमत नाही, हे सांगितले पाहिजे. आमच्यापैकी एकास वाटते की गाडी ही पोथी नसून प्रयोग आहे. 'सौभद्र'मध्ये शंभराहून अधिक पदे आहेत. प्रयोगात त्यांतली कितीतरी गाळतात, आणि प्रेक्षक त्यास फसवणूक मानत नाही. चालवण्यासाठी असलेली वस्तू चालवणाऱ्याच्या आनंदानुसार का बदलू नये? मुद्दा वजनदार आहे. मात्र 'सौभद्र'ची पदे गाळणाऱ्याने छापील संहिता जाळलेली नसते. कापलेला पत्रा मात्र भंगारात जातो.

म्हणून आमचे मागणे माफक आहे. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम पुण्याच्या भांडारकर संस्थेत १९१९ ते १९६६ असे चालले. सुकथनकरांनी घालून दिलेल्या पद्धतीनुसार संशयित पाठाखाली नागमोडी रेघ आली, आणि मुख्य संहितेतून वगळलेले श्लोक फेकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत जपले गेले. निर्णय ठाम, पण पुढच्या वाचकास तो उलटवण्याची मुभा. वास्तुजतनाविषयीची १९६४ ची व्हेनिस सनद हेच सांगते की अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबावा आणि नवे काम नवे म्हणून ओळखू यावे. जुन्या वाहनांसाठी पुढे झालेली तुरिन सनद तिचाच वारसा चालवते. घरच्या गॅरेजात याचा अर्थ अगदी साधा होतो. उघडण्यापूर्वी छायाचित्र काढावे. काढलेला भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवावा. नवा पत्रा कुठून कुठवर आहे, हे वहीत लिहावे. कारखान्याच्या नोंदींवरून गाडीचा जन्मदिनांक व मूळ रंग सांगणारा दाखला गेडन येथील ब्रिटिश मोटार संग्रहालयातून मिळतो, तो मागवून वहीत चिकटवावा. गाडी विकताना वही सोबत द्यावी. वही असेल तर क्रोमही लावा. आमची तक्रार निम्म्याने कमी होईल.

विद्यार्थ्याने सिलचे काम पूर्ण केले आहे. दारे नीट लागतात. पाच गिअरांचा गिअरबॉक्स बसवला. जुना तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवला आहे, आणि त्यावरच्या चिठ्ठीचे छायाचित्र त्याने मुद्दाम आम्हांस पाठवले. ती चिठ्ठी मराठीत आहे. गाडीचा रंग तपकिरीच ठेवायचे त्याने ठरवले. बंपरांचा वाद मात्र अजून चालू आहे. क्रोमची एक जोडी त्याने विकत आणून ठेवली असून ती अद्याप खोक्यातच आहे.