आश्चर्याचा सातबारा

27 फेब्रुवारीला आमच्या सोसायटीच्या गच्चीवर एका विद्वानांनी 'वॉव' या शब्दाचा एकाच भाषणात दोनदा निकाल लावला. पहिली वीस मिनिटं तो मॉलमध्ये हिंडणाऱ्या पोरींचा उथळ, परका, संस्कृतिभंजक चीत्कार होता. मग साहेब पाणी प्यायले, आणि तोच चीत्कार इंग्रजांनी पळवून नेलेला आपला 'वाह' ठरला. म्हणजे शब्द कचरा आहे, आणि तो कचरा आमचाच आहे! मालकीसाठी इतका आटापिटा मी फक्त बांधाच्या भांडणात पाहिलाय.

पुरावा काय? तर संस्कृत 'वह्' धातू. वह् म्हणजे वाहणे. आश्चर्याचा ओघ वाहतो म्हणून 'वाह', आणि 'वाह'वरून 'वॉव'. संपलं. वह् म्हटल्यावर मला ओझं वाहणारा एक प्राणी आठवला, पण तो दोष व्युत्पत्तिशास्त्राचा. आणि नुसत्या ध्वनीवर सोयरीक जुळवायची, तर इंग्रजांचा कुत्रा 'बाउ-वाउ' करतो. तोही दादच देत असतो का?

आता कागदपत्रं बघा. 'वॉव'चा कोशकारांनी नोंदलेला जुना दाखला 1513 चा. तोही लंडनचा नव्हे, स्कॉटलंडचा. गॅव्हिन डग्लस या पुढे बिशप झालेल्या कवीनं व्हर्जिलचं 'इनीड' स्कॉट्स बोलीत आणलं, त्यात हा उद्गार सापडतो. ईस्ट इंडिया कंपनी निघायला तेव्हा 87 वर्षं बाकी होती. बाबर पानिपतला पोचायचा होता. मग आपला 'वाह' स्कॉटलंडला नेला कुणी? पुष्पक विमानानं? (हे मोठ्यानं बोलू नका, पुढच्या फेब्रुवारीत भाषणात येईल.)

आणि उथळ म्हणे! 1791 साली छापलेल्या 'टॅम ओ शँटर'मध्ये रॉबर्ट बर्न्स हा शब्द कुठं योजतो? झिंगलेला टॅम मध्यरात्री घोडीवरून घरी निघालाय, ओसाड चर्चमध्ये उजेड दिसतो, आत चेटकिणी नाचताहेत आणि खुद्द सैतान पाइप वाजवतोय. तेव्हा. पुढे 1977 साली ओहायोतल्या रेडिओ दुर्बिणीनं आकाशातून आलेला 72 सेकंदांचा एक विलक्षण संकेत टिपला, तर जेरी एहमन या खगोलशास्त्रज्ञानं छापील कागदाच्या कडेला लाल शाईनं हाच एक शब्द लिहिला. आज तो साबुदाण्याच्या खिचडीच्या फोटोखालीही पडतो, कबूल. पण खिचडीला 'अद्भुत' म्हणणारेही आहेतच की. म्हणून काही कुणी अद्भुतरसाला तडीपार करत नाही.

खरी गंमत भाषण संपल्यावर झाली. श्रोते म्हणाले, "वाहवा!" फारसी. अध्यक्ष म्हणाले, "शाबास!" तेही फारसी, मुळात 'शाद बाश', आनंदी राहा. आभार मानणाऱ्यांना भाषण 'जबरदस्त' वाटलं. ज्याचा हात वर, तो जबरदस्त. फारसीच, आणि 'जबरदस्ती'ही तिथलीच, ती आम्ही तासभर सोसली होती. कुणीतरी 'कमाल' म्हणालं, ती अरबी. खांद्यावर पडली ती शालसुद्धा फारसी. परक्या शब्दाला हाकलायला उभी केलेली फौज अख्खी भाडोत्री! माझी त्याला हरकत नाही. शतकानुशतकं मराठी तोंडात घोळलेला शब्द मराठीच. पण मग त्याच न्यायानं बिचाऱ्या 'वॉव'ला निदान वेटिंग लिस्टवर तरी घ्या.

शेवटी बटाटेवडे आले. वक्त्यांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि शुद्ध मराठीत उद्गारले, "अफलातून!"

अफलातून म्हणजे प्लेटो. अथेन्सचा. अरबांनी त्याच्या नावाचं अफलातून केलं, फारसीनं ते इकडे आणलं आणि आपण ते वड्याला लावलं. तत्त्वज्ञानाचा उगम आश्चर्यात होतो, हे सॉक्रेटिसाच्या तोंडी घालणारा हाच तो गृहस्थ. हे सांगायला मी पुढे झालो, पण त्यांनी तोवर दुसरा वडा उचलला होता. बटाटा हा शब्द पोर्तुगीजांचा, हे कानावर पडलं असतं तर तो घशाखाली उतरला नसता.