बाळ देऊन टाकल्यानंतरची आई

'जुनो' चित्रपटात सोनोग्राफीच्या खोलीत तंत्रज्ञ बाईला कळते, की सोळा वर्षांच्या जुनोचे बाळ दत्तक जाणार आहे. ती सुटकेचा निःश्वास टाकते. अशा पोरवयातल्या आयांच्या घरात मूल वाढणे वाईटच, असे बोलून जाते. त्यावर जुनोची सावत्र आई तिला असे काही खडसावते, की बाईची बोलती बंद होते. कोवळ्या वयात दिवस गेलेल्या मुलीच्या पाठीशी घर इतके ठाम उभे राहिलेले विनोदी चित्रपटात क्वचितच दिसते. डायब्लो कोडी यांच्या पटकथेला ऑस्कर मिळाले, ते रास्तच होते.

२००७ सालच्या या अमेरिकी चित्रपटावर मुली बिघडवल्याचा आरोप झाला. पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टरच्या शाळेत अनेक मुली गरोदर असल्याची बातमी आली आणि खापर 'जुनो'वर फुटले. प्रत्यक्षात अमेरिकेतील किशोरवयीन मातांचे प्रमाण २००६ मध्येच, म्हणजे चित्रपट येण्याआधी वाढले होते. नंतरच्या दशकात ते निम्म्याहूनही खाली आले. त्या आरोपात दम नव्हता.

आमचा आक्षेप दत्तकविधानाच्या चित्रणावर आहे. बाळाची खबरबात, फोटो मिळत राहतील अशी व्यवस्था वकील बाई सुचवतात आणि जुनो ती झटकून टाकते. बाळंतपणानंतर ती बाळाला पाहतही नाही. खाटेवर रडते, जवळ तिचा मित्र येऊन पडतो आणि थोड्याच वेळात उन्हाळा, सायकल, गिटार! दुःख आहे, पण ते काही मिनिटांत आटोपते.

ज्या देशात ही कथा घडते, तिथे १९४५ ते १९७३ या काळात लाखो अविवाहित मुलींना बाळ देऊन घरी परतायला आणि सारे विसरून जायला सांगण्यात आले. ॲन फेसलर यांनी अशा शंभराहून अधिक स्त्रियांना बोलते केले. त्यांचे पुस्तक २००६ मध्ये, 'जुनो'च्या एकच वर्ष आधी आले. त्या बायका म्हातारपणापर्यंत काही विसरल्या नव्हत्या. बाळाच्या बाजूनेही वाट मोकळी नाही: दत्तक गेलेल्यांना स्वतःचा मूळ जन्मदाखला पाहण्याची मोकळीक तेथील कित्येक राज्यांत आजही नाही.

विनोदी चित्रपटाने हा विषय सोडावा, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. त्याने पुढची दहा वर्षे दाखवावीत. बाळाच्या वाढदिवसाला दोन आया एका टेबलाशी अवघडून बसल्या आहेत, केक कुणी कापून द्यायचा हे दोघींनाही कळत नाही. इथे हसू आणि रडू दोन्हींना भरपूर जागा आहे. लेखकांनी तो प्रसंग लिहायला घ्यावा.