मुखवटा भिंतीवर, माणूस वीटभट्टीवर

मुंबईतल्या हस्तकला प्रदर्शनात जव्हार-मोखाड्याचा मुखवटा मांडला की त्याला ‘लोककला’ म्हणतात. कौतुक होते, फोटो निघतात, मुखवटा कुणाच्या तरी दिवाणखान्यात जातो. आमचा प्रश्न सरळ आहे : तो घडवणाऱ्या आणि नाचवणाऱ्या समाजाच्या जमिनीचे काय?

बोहाडा हा पालघर जिल्ह्यातल्या वारली, कोकणा, महादेव कोळी अशा आदिवासींचा गावउत्सव. शेतीची कामे उरकल्यावर, शिमग्यापासून पुढे पावसाळ्याआधी, संबळाच्या तालावर रात्रभर एकामागून एक सोंगे नाचतात. पूर्वी मुखवटे लाकडात कोरत, आता बरेचसे कागदाच्या लगद्याचे असतात. साहित्य बदलल्याने परंपरा बुडाली नाही. पण अनेक गावांत अमुक सोंग अमुक घराण्याचेच असते. ते घरच गावातून उठले, तर सोंग नाचवणार कोण?

आणि घरे उठतच आहेत. दिवाळीनंतर इथली कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पाऊस तोंडावर येईपर्यंत. म्हणजे बोहाड्याच्या दिवसांत नाचणारे पाय भट्टीवर चिखल तुडवत असतात. वर्षभर पोट भरेल अशी ओलिताची जमीन त्यांच्याकडे नाही. त्यांच्या वैतरणेवर मात्र मुंबईसाठी 1957 साली मोडकसागर आणि 2014 साली मध्य वैतरणा धरण उभे राहिले. कुर्ल्यात बसून आम्ही या शहराचे पाणी पितो आणि उन्हाळ्यात मोखाड्याचे पाडे टँकरची वाट बघतात. आता गारगाई धरण येऊ घातले आहे. त्यात आणखी सहा गावे बाधित होणार आहेत.

आपल्यातले काही बंधू विचारतील, ‘या सोंगांत गणपती आहे, नरसिंह आहे. 22 प्रतिज्ञा घेतलेल्या बौद्धांनी त्यासाठी का बोलावे?’ प्रश्न रास्त आहे. आम्ही मुखवट्याला हात जोडा म्हणत नाही. कोणते सोंग ठेवायचे आणि कोणते सोडायचे, हे तो समाज ठरवील. पण ते ठरवायला गाव जागेवर तर राहिले पाहिजे! 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी चवदार तळ्यावर पाण्याचा हक्क बजावला. 1964 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांसाठी देशव्यापी सत्याग्रह केला. पाणी आणि जमीन हे आपल्याच चळवळीचे प्रश्न आहेत.

पेसा कायदा 1996 चा, वनहक्क कायदा 2006 चा. कायद्याने ग्रामसभेला अधिकार दिला, कसणाऱ्याच्या वनजमिनीवरचा हक्क मान्य केला. मुखवट्याला पारितोषिक देणाऱ्या सरकारने आधी वनहक्काचे दावे निकाली काढावेत, सातबाऱ्यावर नाव चढवावे आणि ग्रामसभेच्या संमतीशिवाय एकही गाव उठवू नये.

मुखवटे विकत घ्या, जरूर घ्या. कारागिराला त्याचे दाम मिळालेच पाहिजे. पण धरणाच्या विरोधात ग्रामसभा उभी राहील, तेव्हा ते पाणी पिणारे आपण कुणाच्या बाजूला असू, हे आजच ठरवा.

जय भीम! जय आदिवासी!