हाली रुपया विकणे हा गुन्हा नव्हे

१/ हिंगोली जिल्ह्यात पूर्णा नदीवर सिद्धेश्वर धरण आहे. धरण १९६० च्या दशकातले; भोवतीची गावे मात्र कितीतरी जुनी आणि १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यातली. या भागातील जुन्या घरांत आजही एखाद्या गाठोड्यातून चारमिनारची छाप असलेला चांदीचा रुपया निघतो. तो विकावा का, आणि विकायचा तर कुठे व कसा, याविषयीचा हा थ्रेड.

२/ इतिहासप्रेमींचे उत्तर ठरलेले असते : ‘विकू नका, हा वारसा आहे.’ हे उत्तर उदात्त आहे आणि चुकीचे आहे. ज्यांनी हे रुपये साठवले त्यांनी ते संग्रहालयासाठी साठवले नव्हते. पेरणी, लग्न, आजारपण, १९७२ सारखा दुष्काळ अशा अडीनडीला मोडता यावेत म्हणूनच ते जमिनीत नाहीतर पेटीत ठेवले जात. नातवाने ते मोडले तर तो आजोबांच्या हेतूलाच जागतो. त्याला अपराधी ठरवण्यापेक्षा त्याच्या हातात नेमके काय आहे, हे सांगणे अधिक उपयोगाचे.

३/ हातात आहे तो ‘हाली सिक्का’. हाली म्हणजे चालू, प्रचलित. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रावर पाडलेल्या या रुपयावर चारमिनार आला. त्याच्या कमानीत एक अक्षर दिसते : ‘मीम’ असेल तर सहावा निजाम महबूब अली खान, ‘ऐन’ असेल तर सातवा उस्मान अली खान. साल हिजरी असते. ‘९२’ हा आकडा मात्र साल नव्हे. ‘मुहम्मद’ या नावातील अक्षरांच्या अबजद मूल्यांची ती बेरीज आहे.

४/ आता चांदीकडे. हाली रुपया ११.१८ ग्रॅमचा, शुद्धता ८१.८ टक्के. इंग्रजांचा कलदार ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे एक तोळा, शुद्धता ९१.७ टक्के. सरकारी विनिमय दर होता १०० कलदारांस ११६ रुपये १० आणे ८ पै हाली. थोडक्यात, सहास सात. गुणाकार करून पाहावा : सहा कलदारांत शुद्ध चांदी सुमारे ६४.१ ग्रॅम, सात हालींत ६४.० ग्रॅम. दर चांदीच्याच हिशोबाने चालत होता! हिंगोलीकडून पैनगंगा ओलांडली की वऱ्हाड लागते, आणि तिथे १८५३ पासून इंग्रजांचा कारभार. दोन चलनांच्या या सीमेवर रुपयाकडे चांदी म्हणून पाहणे हा रोजचा व्यवहार होता. आजचा सराफ रुपया काट्यावर टाकतो, त्यात नवे काही नाही.

५/ सराफ हे रुपये ‘मोड’ म्हणून घेतो, घट धरतो आणि आटवतो. विकणाऱ्याने टंच आपल्यासमोर काढून घ्यावा. हाली आणि कलदार आधी वेगळे करावेत. एकत्र तोलले की कलदारातली जादा चांदी हालीच्या भावात जाते. १९४० पासून कलदारातली चांदी ५० टक्क्यांवर आली आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा. तो परत केला म्हणून सराफावर रागावू नये.

६/ संग्राहक चांदीहून अधिक देतात, पण सरसकट नाही. नेहमीच्या सालाच्या रुपयाला थोडेच अधिक मिळते. दुर्मिळ सालाची गोष्ट निराळी. म्हणून मोडण्याआधी नाणेप्रदर्शनात किंवा मोठ्या शहरांतील नाण्यांच्या लिलाव संस्थेकडे दाखवावे. चिंच, राख लावून घासू नये. उजळ केलेल्या नाण्याची किंमत संग्राहक कमी करतात. माळेत ओवण्यासाठी कडी जोडलेले असेल तर ते बहुधा चांदीच्याच भावाने जाते. (बंजारा स्त्रियांच्या दागिन्यांत अशी नाणी पुष्कळ. त्यांची किंमत दागिना म्हणून करावी.)

७/ ‘जुन्या नाण्याचे लाखो रुपये’ असा फोन आला आणि आधी शुल्क मागितले, तर तो ठग समजावा. रिझर्व्ह बँकेनेच २०२१ मध्ये आपल्या नावाने चाललेल्या अशा फसवणुकीविरुद्ध इशारा दिला होता.

८/ पेटीतले नाणे आणि जमिनीतले नाणे यांत कायदा भेद करतो. नांगराला लागलेला दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावा लागतो. शंभर वर्षांहून जुने नाणे १९७२ च्या कायद्याने पुरावस्तू ठरते. ते परदेशी ग्राहकाला पाठवता येत नाही.

९/ खरी हानी विक्रीने होत नाही, नोंद न होता आटण्याने होते. हाली सिक्का १९५९ मध्ये व्यवहारातून बाद झाला. पुढे उरली ती चांदी. पण एकाच गाठोड्यात हाली आणि कलदार शेजारी निघाले, तर ते घर पैनगंगेपलीकडे देवघेव करीत असावे, असा माग लागतो. मुशीत तो माग पुसला जातो. काट्यावर वजन होतच असते. तेवढ्यात मोबाइलवर दोन्ही बाजूंचे छायाचित्र घ्यावे, आणि कोणत्या गावी, किती, कशासोबत निघाले हे त्याखाली लिहावे. मग खुशाल विकावे.