भिंगांचीं टोपणनांवें

वार्षिक अंकासाठीं वर्गावर्गांचीं छायाचित्रें काढण्याचा दिवस आमच्या शाळेंत एखाद्या सणासारखा असतो. बांकें मैदानांत येतात, उंच मुलें मागें उभीं राहतात, लहान पुढें मांडी घालून बसतात, आणि छायाचित्रकार आपल्या सोबत्यास ओरडून सांगतो, "फिफ्टी काढ, वाइड दे!" यंदा हे शब्द मुलांनीं टिपले, आणि दुसऱ्या दिवसापासून मधल्या सुटींत जिकडे तिकडे 'फिफ्टी', 'वाइड', 'टेली' यांचाच गजर सुरू झाला. ज्यांनीं कॅमेरा कधीं हातांत धरला नाहीं तेहि एकमेकांस "तुझी काय, किट लेन्स!" म्हणून हिणवूं लागले. आमच्या कांहीं सहकाऱ्यांना ही भाषा पोरकट वाटली व ती बंद करावी असें त्यांचें म्हणणें पडलें. आमचें मत तसें नाहीं. परंतु मुलें समजतात तेवढी ती निरुपद्रवीहि नाहीं, म्हणून या विषयावर थोडें लिहिण्याचें योजिलें आहे.

टोपणनांव म्हणजे हलक्या प्रतीचें नांव असा एक समज आहे. शिरूरकरांनीं तरी तो बाळगूं नये. या गांवास आजूबाजूचे लोक घोडनदी म्हणतात. नुसतें शिरूर म्हटलें तर बीड जिल्ह्यांत शिरूर कासार आहे, लातूर जिल्ह्यांत शिरूर अनंतपाळ आहे. ऐकणाऱ्याचा घोटाळा व्हावयास वाव राहतो. पण 'घोडनदी' म्हटल्याबरोबर घोड नदीच्या कांठचें हें एकच गांव डोळ्यांपुढें उभें राहतें. म्हणजे येथें दप्तरांतील नांवापेक्षां लोकांच्या तोंडचें नांवच अधिक नेमकें ठरलें! दौंडच्या मुलांचें पहा. जंक्शनच्या गांवीं वाढलेल्या मुलास मुंबईकडे जाणारी गाडी 'अप' व मुंबईहून येणारी 'डाऊन' हें कोणी शिकवावें लागत नाहीं. नोकरीसाठीं रोज पुण्यास जाऊन येणारे त्याचे वडील या दोन शब्दांचा एक शब्द करून 'अपडाऊन करतों' असें सांगतात, आणि त्यांतली सारी दगदग ऐकणाऱ्यास कळते.

छायाचित्रकारांचीं टोपणनांवेंहि मूळचीं याच जातीचीं आहेत. लग्नाच्या मांडवांत अक्षता पडत असतांना 'सत्तर ते दोनशे मिलिमीटर नाभीय अंतराचें भिंग आण' एवढें बोलण्यास कोणास सवड आहे? 'सत्तर-दोनशे' म्हटलें कीं काम झालें. कांहीं नांवांत तर विनोदहि आहे. सिग्मा कंपनीचें ५० ते ५०० मिलिमीटरचें अवजड भिंग लोकांनीं 'बिग्मा' करून टाकिलें. जें चपटें भिंग कॅमेऱ्याच्या तोंडाशीं जेमतेम दिसतें त्यास इंग्रजींत 'पॅनकेक' म्हणतात. आमच्या स्वयंपाकघरांत तें जन्मलें असतें तर त्याचें 'धिरडें' झालें असतें. कॅनन कंपनीनें १९६१ सालीं एफ ०.९५ चें ५० मिलिमीटरचें भिंग काढिलें. मंद उजेडांतहि चित्र घेणारें व कडा धूसर करणारें असें तें भिंग असल्यामुळें 'स्वप्नभिंग' या अर्थाचें नांव त्यास मिळालें. 'फिश-आय' हा शब्द वुड या अमेरिकन पदार्थवैज्ञानिकाचा. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशास जग कसें दिसत असेल याविषयीं त्यानें १९०६ सालीं लिहिलें, आणि माशाचा तो डोळा पुढें सर्व वांकड्या चित्रांच्या भिंगांस चिकटला.

मात्र सगळींच टोपणनांवें वापरणाऱ्यांनीं ठेविलेलीं नसतात हें ध्यानांत असावें. त्साइस कारखान्यांतील पाउल रुडोल्फ यानें १९०२ सालीं चार कांचांचें 'टेसर' भिंग सिद्ध केलें. या नांवांत ग्रीक भाषेंतील 'चार' आहे, व तो शब्द आपल्या 'चत्वारि' व 'चार' यांचा सख्खा भाऊबंद आहे. पण त्याचें 'गरुडनेत्र' हें टोपणनांव कारखान्याच्या जाहिरातींतच झळकत असे. भिंग खरोखर उत्तम होतें म्हणून नांव टिकलें. तरी विकणाऱ्यानें दिलेलें नांव आणि वापरणाऱ्यानें दिलेलें नांव यांस एका मापानें मोजूं नये. तीन महागड्या भिंगांच्या संचास 'होली ट्रिनिटी' म्हणण्याची चाल आहे, तीहि जातां जातां सांगतों. पवित्र त्रैक्याचें नांव बाजारांतील तीन नळकांड्यांस द्यावें हें आम्हांस रुचत नाहीं. पण त्यावरून कोणा मुलास वर्गाबाहेर उभें करावें इतकेंहि तें मोठें वाटत नाहीं.

खरी तक्रार वेगळी आहे. 'घोडनदी' या नांवानें एक वस्तु दुसरीपासून निराळी होते. 'फिफ्टी' या नांवानें दोन निराळ्या गोष्टी एक होतात. ५० मिलिमीटरच्या एफ १.८ च्या स्वस्त भिंगास 'निफ्टी फिफ्टी' म्हणतात. (पालकांना या नांवानें राष्ट्रीय शेअरबाजाराचा निर्देशांक आठवेल, त्याचा येथें संबंध नाहीं.) जुन्या फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे ३६ मिलिमीटर रुंद सेन्सर ज्या कॅमेऱ्यांत असतो, तेथें हें भिंग १० फुटांवरून सुमारें ७ फूट रुंदीचा देखावा घेतें. परंतु बहुतेक घरगुती कॅमेऱ्यांत सेन्सर लहान, साधारण २३ ते २४ मिलिमीटरचा असतो. तेथें तेंच भिंग तेवढ्याच अंतरावरून पावणेपांच फूटच घेतें. नांव तेंच, भिंग तेंच, आणि चित्रांतून दोन-तीन माणसें नाहींशीं!

हें आम्ही ऐकीव सांगत नाहीं. दौंड तालुक्यांतील आमच्या परिचयाच्या एका घरीं मुलाच्या आग्रहावरून कॅमेरा घेण्यांत आला. दुकानांत मुलगा म्हणाला, "बाबा, किट लेन्स सगळेच वापरतात, ती परत देऊं आणि फिफ्टी घेऊं." वडिलांनीं ऐकलें, वर पैसेहि भरले. पुढें आजींच्या पंचाहत्तरीस नऊ माणसांचें चित्र घेण्याची वेळ आली. खोली दहा फुटांची. मुलगा पाठ भिंतीस लागेपर्यंत मागें सरला, तरी चौकटींत आजी व दोन्ही बाजूंचीं मिळून चारच माणसें मावलीं. ज्या १८-५५ च्या किट भिंगास त्यानें नाकारिलें होतें, त्याच्या १८ च्या टोकानें त्याच जागेवरून १३ फूट रुंदी आली असती, हें गणित त्यानें नंतर आमच्याकडून करून घेतलें. गणित सोपें आहे: सेन्सरची रुंदी भागिले नाभीय अंतर, गुणिले आपलें अंतर. सातवीचा विद्यार्थीहि तें करील. आजी त्या वर्षाच्या अखेरीस वारल्या. त्या घरांत सर्वांचें एकत्र चित्र नाहीं.

'झूम' या शब्दाचीहि हीच गत. आमच्याकडे लांबचें जवळ दाखविणाऱ्या प्रत्येक भिंगास लोक झूम म्हणतात. वस्तुतः ज्याचें नाभीय अंतर कमीजास्त करतां येतें तें झूम. दूरचें मोठें दाखवितें तें टेलिफोटो. मोराच्या चिंचोलीस सहलीला गेलेल्या मुलांनीं मोठ्या हौसेनें 'झूम' नेली, ती १८-५५ ची होती, आणि मोर चित्रांत हरभऱ्याच्या दाण्याएवढा आला. उलट टाकळी हाजीजवळ कुकडी नदीनें खडकांत कोरलेले रांजणखळगे पाहण्यास जाणारांनीं याच झूमचें १८ चें टोक वापरिलें असतें तर दोन्ही कांठ एका चित्रांत येते. शब्द खोटा नव्हता. तो अर्धा ठाऊक होता.

तेव्हां उपाय काय? शब्द बंद करणें हा तर नव्हेच. दौंड तालुक्यांतील केडगांवीं पंडिता रमाबाईंनीं मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलाचें भाषांतर केलें, तें साध्या स्त्रियांस कळावें अशा सोप्या मराठींत. १९२२ सालीं त्या वारल्या. ग्रंथ १९२४ सालीं प्रसिद्ध झाला. येवढ्या थोर ग्रंथास जर घरगुती शब्द पुरतात, तर भिंगास न पुरण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं. रुंद भिंग, लांबचें भिंग, माशाचा डोळा हीं नांवें ऐकतांच भिंग काय करतें तें कळतें. 'पन्नाशीचें भिंग' म्हटल्यावर शिक्षकांच्या खोलींत हंशा पिकला, कारण तेथें पन्नाशीचे पुष्कळ आहेत. तरी हेंहि नांव चालेल. आमची अट एकच: नांवाबरोबर आंकडा सांगतां आला पाहिजे. कितीचें भिंग, आणि कोणत्या सेन्सरवर.

शाळेच्या कपाटांत एक कॅमेरा व तीन भिंगें आहेत. त्यांतील दोहोंवर मुलांनीं स्वतः कागदाच्या चिठ्ठ्या चिकटविल्या आहेत. एकीवर 'रोजचें, १८-५५, दहा फुटांवरून १३ ते सवाचार फूट' असें आहे, दुसरीवर 'पन्नाशीचें, दहा फुटांवरून पावणेपांच फूट, खोलींत घेऊं नये'. तिसरें ५५-२५० चें आहे. त्याचें नांव अद्याप ठरलेलें नाहीं. ज्यांना सुचेल त्यांनीं तें आपल्या हिशेबासह कार्यालयाबाहेरील पेटींत टाकावें. पालकांनीं टाकल्यासहि हरकत नाहीं.